सान होसे खाण, २०१०: ३३ माणसे, ६९ दिवस आणि दुपारी बाराची प्रार्थना

खडकवाट (धागाकर्ता)

चिलीतल्या सान होसे खाणीची हकीकत चर्चच्या मंडळ्यांमध्ये बहुधा एका वाक्यात सांगतात: देवाने ३३ जणांना वाचवले. वाक्य खरे आहे, पण त्यात शिकण्यासारखे काही उरत नाही. प्रार्थना कधी व्हायची, तिच्यानंतर काय व्हायचे, शिधा कोण मोजायचे, वरची माणसे काय करत होती, हे सगळे एकाशी एक कसे जोडलेले होते ते इथे तपशिलात मांडू या. जाणकारांनी भर घालावी, चुकले तिथे दुरुस्त करावे.

आधी जागा समजून घ्या. आटाकामा वाळवंटात कोपियापो शहराच्या उत्तरेला असलेली ही तांबे-सोन्याची खाण शंभर वर्षांहून जुनी. उभी विहीर नाही. डोंगराच्या पोटात फिरत फिरत खाली जाणारा उताराचा रस्ता, ज्यावरून ट्रक चालतात. ५ ऑगस्ट २०१० ला मधला प्रचंड कातळ खचला आणि हा रस्ता बुजला. माणसे जमिनीखाली सुमारे ७०० मीटरवर, तोंडापासून रस्त्याने जवळपास पाच किलोमीटर आत.

अशा खाणीला सुटकेची दुसरी वाट असावी लागते. इथे वायुवीजनाचे उभे भुयार होते, त्यात शिडी असायला हवी होती. अडकलेल्यांनी त्यातून चढून पाहिले, शिडी मध्येच संपली. दोन दिवसांनी वरून बचाव पथक त्याच भुयारातून उतरू लागले तेव्हा कातळ पुन्हा सरकला आणि तीही वाट गेली. तेव्हापासून उरला एकच मार्ग, वरून भोक पाडण्याचा.

खाली आसऱ्याची खोली होती, सुमारे ५० चौरस मीटर. हवा कोंडत असल्याने बरेच जण बाहेर बोगद्यातच झोपत. तिथल्या पातळ्या समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये मोजतात: आसरा ९० वर, त्याच्या वर १०५, वर्कशॉप १३५ वर. हिंडायला दोनेक किलोमीटर बोगदे मोकळे होते, आणि माझ्या मते हा मोठा आधार होता. झोपायची जागा वेगळी, शौचाची लांब, प्रार्थनेची वेगळी, असे करता आले.

पाळीप्रमुख लुईस उर्सुआ. खाणीत पांढरे हेल्मेट साहेबाचे. त्यांनी ते काढून ठेवले आणि आता सगळे सारखे, निर्णय मिळून घ्यायचे, असे सांगितले. काहींना हे नेतृत्व सोडून देणे वाटले आणि तशी कुरबुरही झाली. पण कामाची वाटणी त्यामुळेच मोकळी झाली. उर्सुआ मोजणीतले जाणकार, त्यांनी बोगद्यांचे नकाशे काढले. विजेचे काम येणाऱ्याने गाड्यांच्या बॅटऱ्यांवर टोपीचे दिवे चार्ज केले. प्रथमोपचार शिकलेले योन्नी बारियोस 'डॉक्टर' झाले. मारिओ सेपुल्वेदा शिधा वाटू लागले. होसे एन्रीकेस इव्हँजेलिकल, म्हणजे प्रोटेस्टंट पंथातल्या मंडळीचे. त्यांना सगळ्यांनी प्रार्थना चालवायला सांगितले. वाद निघाला की मतदान, ३३ पैकी १७ म्हणजे ठरले.

आहारविचार

शिध्याबद्दल लिहिते. खोलीतल्या कपाटात जे होते ते मोजक्या माणसांना दोन-तीन दिवस पुरेल एवढेच: टूनाचे डबे, बिस्किटे, थोडे दूध, पीचचा एखादा डबा. पहिल्याच रात्री भुकेने काहींनी कपाट फोडून बिस्किटे खाल्ली. शिस्त लागली ती त्याच्यानंतर.

वाटपाची रीत बघा. ३३ प्लास्टिकचे पेले ओळीत मांडायचे. प्रत्येकात टूनाचा एक चमचा. वर पाणी ओतून त्याचा पातळ रस्सा. सोबत बिस्किट. चहाचा चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ३३ चमचे म्हणजे १६५ ग्रॅम, एक छोटा डबा. पाणी घालण्यामागे दोन कारणे दिसतात. मासा पेल्याला चिकटून वाया जात नाही, आणि पोटात काहीतरी गरम-ओले गेल्यासारखे वाटते. पण खरे महत्त्व मांडणीला आहे. सगळे पेले सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भरले जातात, त्यामुळे कोणाला जास्त गेले हा संशयच शिल्लक राहत नाही. पुढे हेच जेवण दिवसाआड झाले, शेवटी आणखी लांबले.

पाणी हा वेगळा प्रश्न. यंत्रांसाठी साठवलेले, तेलाचा तवंग असलेले पाणी प्यावे लागले. सतरा दिवसांत माणशी सरासरी आठेक किलो वजन उतरले.

आता सर्वांत धोक्याची पायरी. २२ ऑगस्टला संपर्क झाला तेव्हा घरच्यांना वाटणारच की भरपेट पाठवा. तसे केले असते तर माणसे दगावली असती. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे साठे संपलेले असतात. एकदम पिष्टमय जेवण गेले की इन्सुलिन उसळते, रक्तातले उरलेसुरले फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडते. म्हणून आधी थायामिन (ब१ जीवनसत्त्व), मग वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ ते १० कॅलरी एवढ्यावर सुरुवात, आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढ, असा वैद्यकातला नियम आहे. साठ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ३०० ते ६००. सान होसेत पहिल्यांदा ग्लुकोजचे जेल, जलसंजीवनीच्या गोळ्या आणि औषधेच गेली, घट्ट अन्न काही दिवसांनी. लांबलेला उपास सोडणाऱ्यांनी आणि दुष्काळात, पुरात अन्न वाटणाऱ्या मंडळ्यांनी हे पाठच करावे.

विनवणी

जय ख्रिस्त. खडकवाट, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. आहारविचार ताईंनी पेल्यांची ओळ सांगितली, तिच्या आधी काय व्हायचे ते मी सांगतो.

प्रार्थना दुपारी बाराला. ती झाली की जेवण, मग बैठक. हा क्रम मोडायचा नाही. भुकेल्या माणसाचे मन दिवसभर एकाच घटकेकडे लागलेले असते, आणि ती घटका प्रार्थनेने सुरू होत होती. आपल्याकडे कित्येक मंडळ्यांत संकटकाळी प्रार्थनासभा रात्री, मदतवाटप सकाळी, आणि हिशेबाची बैठक महिन्याने. तीन ठिकाणी तीन गट तयार होतात. सान होसेत तीच ३३ माणसे एका बैठकीत गुडघ्यावरून पेल्याकडे आणि पेल्याकडून मतदानाकडे जात.

दुसरी गोष्ट, प्रार्थनेत काय मागायचे. एन्रीकेसनी सुरुवात आपण चांगली माणसे नाही अशा कबुलीने केली. त्यामुळे इतरांना तोंड उघडता आले. कपाट फोडलेल्यांना हाकलले नाही, शिक्षा दिली नाही. पुढे कबुली आणि क्षमा मागणे प्रार्थनेच्या वेळी होऊ लागले. आज कोण कोणावर ओरडला, कोणी कामात हात आखडता घेतला, ते तिथेच बोलून मोकळे व्हायचे. अंधारात, तिशीपुढच्या तापमानात, घामाने निथळत बसलेल्या माणसांत रात्रभर राग धुमसत राहणे हाच मोठा धोका असतो.

तिसरी, पंथ. प्रार्थना चालवणारा इव्हँजेलिकल, जमलेल्यांत बरेच जण कॅथलिक, काही जण कधीच चर्चला न जाणारे. म्हणून सामाईक प्रार्थना सगळ्यांना म्हणता येईल अशी साधी राहिली. ६३ वर्षांचे मारिओ गोमेस सर्वांत वडीलधारे. संपर्क झाल्यावर त्यांनी मूर्ती आणि क्रूस मागवून एक छोटी वेदी मांडली. ज्याला तिथे जायचे तो जाई. वरून नावे घातलेली छोटी बायबले आली, पोपनी आशीर्वादित केलेल्या जपमाळाही आल्या. दोन्ही एकाच नळीतून उतरले.

मोरपंखी

विनवणी दादा, एक शंका. सगळ्यांसमोर कबुली घेणे मला धोक्याचे वाटते. छोट्या गावातल्या मंडळीत एखाद्याने चूक मान्य केली की ती पुढची वीस वर्षे त्याच्या नावाला चिकटते. खाणीत हे कसे निभावले?

विनवणी

शंका रास्त आहे, ताई. तिथे तीन गोष्टी होत्या ज्या आपल्याकडे आपोआप नसतात. एक, सुरुवात चालवणाऱ्याने स्वतःपासून केली. दोन, सगळ्यांची अवस्था सारखी होती. ऐकणारा वरच्या पायरीवर बसलेला नव्हता. तीन, कबुलीनंतर लगेच त्याच माणसाला इतरांएवढाच पेला मिळत होता. या तिन्ही नसतील तर उघड कबुली घेऊ नये, पाळकाजवळ किंवा दोन वडिलांजवळ खासगीत व्हावी. आणि कोणाकडूनही जबरदस्तीने वदवून घेऊ नये, ती मग चौकशी होते.

बोअरवाला

वरच्या कामाबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. पहिली शोधभोके पाडली ती साधारण १४ ते १६ सेंटिमीटर व्यासाची. म्हणजे आपल्या शेतातल्या साडेसहा इंची बोअरच्याच जातीची! तत्त्वही तेच: रॉडच्या टोकाला हॅमर, त्याला बटण बिट (दगड फोडणारे टोक), कॉम्प्रेसरची हवा दट्ट्या आपटते आणि तीच हवा चुरा वर फेकते.

फरक अचूकतेचा. आपल्याकडे दोन-तीनशे फुटांवर बोअर थोडे कलले तरी पाणी लागल्याशी मतलब. तिथे ६८८ मीटरवर काही मीटर रुंदीचा बोगदा गाठायचा. एक अंश ढळला की तेवढ्या खोलीवर १२ मीटर चुकते, म्हणजे बोगदा बाजूलाच राहतो. रॉड स्वतःच्या वजनाने आणि फिरण्याच्या दिशेने वाकतात, कठीण-मऊ थराच्या सांध्यावर बिट घसरते. त्यात खाणीचे नकाशे जुने आणि चुकीचे. एक भोक तर खोली गाठूनही रिकाम्या दगडातच गेले. खालच्यांना यंत्राचा आवाज येत होता, जवळ येत होता आणि लांब जात होता.

२२ ऑगस्टच्या पहाटे आठवे भोक आसऱ्यापासून वीसेक मीटरवर उताराच्या रस्त्यात फुटले. इथे खालच्यांची तयारी कामी आली. बिट फुटून आल्यावर काय करायचे हे त्यांनी आधीच ठरवले होते: लोखंडाने रॉडवर ठोकायचे, लाल रंग फवारायचा, चिठ्ठ्या इन्सुलेशन टेपने बांधायच्या. ठोकल्याचा नाद रॉडमधून वर पोचतो. वरच्याने कान लावून ऐकले. मग रॉड एकेक सोडवत वर काढायचे, तासन्‌तास चालणारे काम. चिठ्ठ्या पुष्कळ बांधल्या होत्या, घासटून थोड्याच टिकल्या. त्यातली एक लाल अक्षरांतली, "आम्ही ३३ जण आसऱ्यात ठीक आहोत" अशा अर्थाची. एकच चिठ्ठी बांधून समाधान मानले असते तर कदाचित काहीच पोचले नसते.

त्या भोकातून पुढे दीड मीटर लांबीच्या निळ्या नळ्या सोडल्या, नाव 'पालोमा', म्हणजे पारवा. खाली पोचायला तास लागे. शेवटी तीन भोके वापरात होती: सामान, हवा आणि संपर्क यांच्यासाठी.

माणसे काढायचे भोक तीन यंत्रांनी एकाच वेळी सुरू केले, अ, ब, क योजना. हे उधळपट्टीचे वाटेल, पण प्रत्येक यंत्राचा धोका वेगळा होता. 'ब' ने आधीच असलेल्या १४ सेंटिमीटरच्या भोकाचा धागा धरून तेच रुंद केले, आधी ३० आणि मग ६६ सेंटिमीटर. मध्ये २६८ मीटरवर जुन्या खाणीतले लोखंडी बोल्ट लागून हॅमर तुटला, तुकडा भोकात अडकला, काही दिवस वाया गेले. जुन्या खाणीत भोक पाडताना दगडापेक्षा गाडलेल्या लोखंडाची धास्ती जास्त. ९ ऑक्टोबरला तेच भोक वर्कशॉपच्या पातळीला पोचले, ६२० मीटरच्या थोडे पुढे.

खडकवाट

बोअरवाला दादांच्या मुद्द्यात एक भर. 'ब' योजनेत रुंद करताना निघालेला चुरा वर येत नव्हता, मधल्या भोकातून खाली पडत होता. म्हणजे सुटकेच्या कामातला मोठा भाग अडकलेल्यांनीच केला. हिशेब करून पाहा. ६६ सेंटिमीटर व्यासाचे क्षेत्रफळ ०.३४ चौरस मीटर, गुणिले ६२० मीटर, म्हणजे २१० घनमीटरच्या आसपास. दगडाची घनता २.७ धरली तर साडेपाचशे टनांहून जास्त. हे उचलले नाही तर भोकाचे तोंड बुजते.

त्यासाठी तीन गट केले आणि त्यांना राहायच्या जागेवरून नावे दिली: आसरा, उतार आणि १०५. आठ-आठ तासांच्या पाळ्या. दिवस-रात्र कळावी म्हणून दिव्यांचा उजेडही पाळीप्रमाणे ठेवला. नासाची मंडळी सल्ल्याला आली होती, झोपेचे आणि आहाराचे मार्गदर्शन त्यांचेही होते.

बारियोसनी या काळात सगळ्यांना लसी टोचल्या, वजने घेतली, तपासण्या करून वर कळवल्या. दमट उष्णतेत पायाला बुरशी फार होते, म्हणून तांब्याच्या धाग्याचे मोजे खाली गेले.

आहारविचार

आणि कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवायचा होता, वर काढायच्या अरुंद पिंजऱ्यात, म्हणजे कॅप्सूलमध्ये मावायचे म्हणून. आधी वजन वाढवायला जपून खाऊ घातले, मग वाढू नये म्हणून व्यायाम. दोन्ही एकाच रुग्णावर, दोन महिन्यांत.

विनवणी

एक गोष्ट चुकवून चालणार नाही, नाहीतर आपण गोड गोष्टच सांगत बसू. संपर्क झाल्यानंतर प्रार्थनेला येणारे कमी होत गेले. अन्न आले, पत्रे आली, पुढे दूरदर्शनचे चित्रही आले. बाहेरून कोणाला जास्त प्रसिद्धी, कोण कोणाबद्दल काय बोलला, हे आत येऊ लागले. पत्रे वरचे मानसतज्ज्ञ आधी वाचतात, काही अडवतात, यावरून मोठा संताप झाला. उपाशी असताना जे एकत्र होते ते पोट भरल्यावर पांगू लागले.

कारण माझ्या समजुतीने असे: बारा वाजताचा क्रम तुटला. जेवण नळीतून तुकड्या-तुकड्याने येऊ लागल्यावर सगळ्यांनी एकत्र थांबायचे कारण उरले नाही, आणि पाळ्यांमुळे कोणीतरी नेहमी झोपलेले. एन्रीकेसनी प्रार्थना सोडली नाही, आलेल्यांना घेऊन चालवली. पूरग्रस्तांसाठी किंवा दीर्घ आजाराच्या घरासाठी गट बांधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पहिली मदत पोचली की त्याच आठवड्यात नवी वेळ ठरवा, पाळीप्रमाणे दोनदा घ्यावी लागली तरी घ्या.

मोरपंखी

वरच्या कुटुंबांचे काय? त्यांच्याकडेही ६९ दिवस होते.

खडकवाट

खाणीच्या तोंडाशी 'एस्पेरान्सा', म्हणजे आशा नावाची छावणी उभी राहिली. टेकडीवर ३३ झेंडे: ३२ चिलीचे आणि एक बोलिव्हियाचा, कारण एक जण बोलिव्हियाचा होता. खाणकामगारांचे रक्षक संत म्हणजे संत लॉरेन्स, त्यांचा सण १० ऑगस्टला. दुर्घटनेनंतर पाचव्याच दिवशी तो आला आणि बचावकार्यालाही त्यांचेच नाव दिले गेले, सान लोरेन्सो.

कामाचा भाग असा की बातमी आधी कुटुंबांना, मग पत्रकारांना, हा नियम अधिकाऱ्यांनी पाळायचा प्रयत्न केला. दुसरे, खाली असलेल्यांना तीन-चार महिने लागतील हे काही दिवसांतच सांगितले. जवळची तारीख सांगून ती हुकली असती तर माणसे खचली असती. लांबची सांगितली आणि प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या मध्यातच बाहेर आली. आपल्याकडे उत्तराखंडातल्या सिल्क्यारा बोगद्यात २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ४१ कामगार १७ दिवस अडकले होते, तिथे ऑगर यंत्र (आडवे भोक पाडणारे) मोडल्यावर तारखा पुढे पुढे सरकल्या आणि नातेवाइकांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले. तिथेही खरा आधार ठरला तो सहा इंची पाइप, ज्यातून गरम खिचडी गेली.

बोअरवाला

शेवटच्या दिवसाचे तेवढे लिहून टाकतो. नौदलाच्या कारखान्यात बांधलेल्या कॅप्सूलचे नाव 'फेनिक्स'. बाहेरचा व्यास ५४ सेंटिमीटर, भोक ६६ चे, म्हणजे चहूबाजूंनी सहा-सहा सेंटिमीटर मोकळे. घासू नये म्हणून वर-खाली स्प्रिंगवरची चाके. आत प्राणवायू, बोलायची सोय, आणि तळाला सुटकेचे दार; कॅप्सूल अडकली तर आतल्या माणसाने दोरीने परत खाली उतरायचे. भोकाला पूर्ण लोखंडी आवरण घालायचे ठरले होते, पण वरच्या वाकड्या भागात पन्नासेक मीटरनंतर ते थांबवले. दगड टिकाऊ होता म्हणून चालले. ठिसूळ थरात हे धाडस करू नये.

पश्चिम बंगालमधल्या रानीगंजच्या कोळसा खाणीत नोव्हेंबर १९८९ मध्ये अभियंता जसवंतसिंग गिल यांनी असेच भोक पाडून, असल्याच पोलादी कॅप्सूलमध्ये स्वतः खाली उतरून ६५ जणांना वर पाठवले होते. हेही आपल्या लोकांना माहीत असावे.

आहारविचार

निघण्याआधी सहा तास फक्त पातळ आहार, वर येताना कॅप्सूल फिरते आणि उलटी मास्कमध्ये झाली तर श्वास कोंडतो. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अॅस्पिरिन आणि घट्ट पट्टे. डोळ्यांना गडद चष्मे.

खडकवाट

क्रमही विचाराने लावला. १२ ऑक्टोबरच्या रात्री आधी बचाव पथकातले मानुएल गोन्सालेस खाली उतरले. मग पहिले वर आले फ्लोरेन्सियो आव्हालोस, मध्यरात्रीनंतर अकरा मिनिटांनी. पहिले काही जण कसबी आणि धडधाकट, म्हणजे वाटेत बिघाड झाला तर नीट सांगू शकतील. नंतर आजारी आणि अशक्त, मग दमदार माणसे. उर्सुआ सर्वांत शेवटी, १३ तारखेला रात्री ९ वाजून ५५ मिनिटांनी. बहुतेकांच्या अंगात "प्रभू, तुझे आभार" लिहिलेला शर्ट होता आणि त्यावर ९५ व्या स्तोत्रातले चौथे वचन, पृथ्वीच्या खोल जागा त्याच्या हातात आहेत असे सांगणारे.

त्यानंतरही खाली सहा बचावकर्मी होते. तेही एकेक करून वर आले, गोन्सालेस शेवटी, मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमाराला.